भाट्याच्या पुळणीवरील प्लॅस्टिक : कचरा की कच्चा माल?



रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात भाट्याचा पूल येतो. पुलाखालून काजळी नदी वाहते आणि उजव्या हाताला ती अरबी समुद्राला मिळते. पूल ओलांडला, की सुरूचे बन लागते आणि त्यापलीकडे भाट्याची सरळ, लांब पुळण पसरलेली दिसते.

भरती ओसरल्यावर या पुळणीवरून एक फेरी मारा. ओल्या वाळूच्या वरच्या कडेला, जेथवर लाट पोचली होती तेथे, एक वाकडीतिकडी रेघ उमटलेली असते. तिच्यात पाने, काटक्या आणि शिंपले असतात, आणि त्यांच्या सोबतीला प्लॅस्टिकही असते. बाटल्यांची बुचे, दोराचे तुकडे, पिशव्यांच्या चिंध्या, खाऊची चकचकीत वेष्टने, एखादी झिजलेली चप्पल. हाताशी वही असेल तर या वस्तूंची यादी करा. ती वाचताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. बुचे पुष्कळ दिसतात, पण त्या बुचांच्या बाटल्या त्या मानाने थोड्या. चकचकीत वेष्टने पुष्कळ, पण मोडकी बादली किंवा तेलाचा डबा क्वचितच.

असे का व्हावे? कारण पुळणीवर येण्यापूर्वी हे प्लॅस्टिक दोन चाळण्यांतून गेलेले असते. पहिली चाळण पाण्याची आणि दुसरी बाजाराची. या दोन्ही चाळण्या नीट समजून घेतल्या, तर प्लॅस्टिकचा कचरा केव्हा कचरा राहतो आणि केव्हा कच्चा माल होतो, याचे उत्तर मिळते.

पहिली चाळण : पाण्याची

काजळी नदी सह्याद्रीत उगम पावते. साखरपा, आंजणारी, चांदेराई अशी गावे मागे टाकत ती भाट्याला समुद्रास मिळते. पावसाळ्यात तिला पूर आला, की काठावर पडलेले सारे काही ती वाहून आणते. परंतु वाहून आणलेली प्रत्येक वस्तू तरंगत नाही.

आपण सरसकट 'प्लॅस्टिक' म्हणतो, पण ते एका पदार्थाचे नाव नाही, एका मोठ्या घराण्याचे नाव आहे. या घराण्यातील सर्व पदार्थ बहुवारिके आहेत. म्हणजे लहान लहान रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत गुंतून त्यांचे लांबलचक रेणू बनलेले असतात. कडी कोणती यावर त्या पदार्थाचे गुण अवलंबून असतात. त्यांपैकी घनता हा गुण पाहू. पुढील आकडे एका घन सेंटिमीटरचे वजन ग्रॅममध्ये सांगतात.

पॉलिप्रॉपिलीन (बुचे, गोण्या, दोर) : सुमारे ०.९०
कमी घनतेचे पॉलिथिलीन (दुधाच्या व इतर पातळ पिशव्या) : ०.९१ ते ०.९३
जास्त घनतेचे पॉलिथिलीन (डबे, कॅन, बुचे) : ०.९४ ते ०.९७
पॉलिस्टायरीन (पारदर्शक पेनांच्या नळ्या, ठिसूळ पेले) : सुमारे १.०५
नायलॉन (मासेमारीची जाळी) : सुमारे १.१४
पी.व्ही.सी. (नळ, वायरीचे आवरण) : सुमारे १.३ ते १.४
पी.ई.टी. म्हणजे पेट (पाण्याच्या व सरबताच्या बाटल्या) : सुमारे १.३८

समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असते. आता कोडे उलगडते. बूच पाण्याहून हलके असल्यामुळे ते तरंगत किनाऱ्याला लागते. बाटली मात्र पाण्याहून जड पदार्थाची असते. बूच घट्ट असेल तोवर आतल्या हवेमुळे ती तरंगते. बूच निघाले, आत पाणी शिरले, की ती तळाला जाते. तुटलेले नायलॉनचे जाळे तर खालीच राहते आणि कोणी धनी नसताना मासे व खेकडे पकडत राहते. म्हणून पुळणीवर दिसते ते सारे प्लॅस्टिक नव्हे, ती केवळ तरंगणारी बाजू होय.

करून पाहा

हाच प्रयोग घरी किंवा शाळेत करता येतो. एक बूच, पाण्याच्या बाटलीचा तुकडा, दुधाच्या पिशवीचा कोपरा आणि निकामी पेनाच्या पारदर्शक कडक नळीचा तुकडा घ्या. कापण्याचे काम मोठ्या माणसांकडून करून घ्या. सर्व तुकडे धुऊन पाण्याने भरलेल्या भांड्यात टाका. पाण्यात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब घाला, म्हणजे तुकड्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतील व उत्तर चुकणार नाही. ढवळून थांबा. बूच आणि पिशवी वर राहतील. बाटली आणि पेनाची नळी तळाशी जातील.

आता बुडालेले दोन तुकडे काढून दुसऱ्या भांड्यात ठेवा. एक लिटर पाण्यात विरघळेल तेवढे मीठ घाला. सुमारे साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळते आणि द्रावणाची घनता १.२ च्या आसपास पोचते. हे द्रावण तुकड्यांवर ओता. नळी पॉलिस्टायरीनची असेल तर ती वर येईल. बाटली तळाशीच राहील. पाणी आणि मीठ एवढ्याच साहित्याने तुम्ही तीन गट वेगळे केलेत!

हा खेळ नव्हे. बाटल्यांचे पुनर्चक्रीकरण करणाऱ्या कारखान्यात बाटल्या बुचांसकट दळतात आणि तो चुरा पाण्याच्या हौदात सोडतात. बुचांचा चुरा वर तरंगतो, बाटल्यांचा खाली बसतो. दोन्ही वेगळे काढून वेगळे विकतात.

वेगळे का करायचे?

तुम्ही विचाराल, एवढी उठाठेव कशासाठी? सारे एकत्र वितळवून नवी वस्तू का करू नये?

याचे उत्तर भाट्याच्या माडांकडे आहे. भाट्ये येथे १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे, आणि कोकणात माडाचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या होतो, करवंटीचा कोळसा होतो, खोबऱ्याचे तेल निघते, झावळीच्या हिरांचा खराटा होतो. पण सोडण, करवंटी आणि खोबरे एकत्र कुटून त्याचा लगदा केला तर? त्याचे तेलही नीट निघणार नाही आणि काथ्याही होणार नाही. नारळ मौल्यवान आहे, कारण आपण तो सोलतो.

प्लॅस्टिकचेही तसेच आहे. पातळ पिशवीचे पॉलिथिलीन ११०° से. च्या आसपास वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६०° से. च्या थोडे पुढे, तर पेट २५०° से. ओलांडल्यावर. पेट वितळेपर्यंत तापवावे तर सोबतचे पी.व्ही.सी. जळके होऊन त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो आणि सारा माल पिवळा व ठिसूळ होतो. त्यासाठी पी.व्ही.सी.चे थोडेसे तुकडेही पुरतात. शिवाय वितळलेले पॉलिथिलीन आणि पेट एकजीव होत नाहीत. तेल आणि पाणी यांच्याप्रमाणे ते अलग राहतात, आणि अशा मिश्रणाची वस्तू त्या सांध्यांवर तुटते.

आणखी एक भेद आहे. वर दिलेली सर्व प्लॅस्टिके उष्णतेने मऊ होतात व थंड झाल्यावर पुन्हा कडक होतात, मेणासारखी. त्यांना ऊष्मामृदू म्हणतात. विजेच्या जुन्या काळ्या बटणांचे बेकेलाइट मात्र एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, उकडलेल्या अंड्यासारखे. त्याला ऊष्मादृढ म्हणतात. ते वितळवून त्याची नवी वस्तू करता येत नाही.

दुसरी चाळण : बाजाराची

आता दुसऱ्या चाळणीकडे वळू. मोडकी बादली आणि तेलाचा डबा पुळणीवर क्वचित का दिसतात? कारण भंगारवाला ते वजनावर विकत घेतो. ज्याला गिऱ्हाईक आहे ते वाटेतच उचलले जाते. मग पातळ पिशवी का उचलली जात नाही? ती तर चांगल्या पॉलिथिलीनची असते. उत्तर एका लहानशा गणितात आहे.

एक पिशवी ३० सेंमी. रुंद व ४० सेंमी. लांब आहे. तिच्या दोन बाजूंचे क्षेत्रफळ २ × ३० × ४० = २,४०० चौ. सेंमी. जाडी २० मायक्रॉन, म्हणजे ०.००२ सेंमी. असेल तर प्लॅस्टिकचे आकारमान ४.८ घन सेंमी. झाले. घनता ०.९२ धरली तर वजन सुमारे ४.४ ग्रॅम. म्हणजे एक किलो भरण्यास सुमारे २२६ पिशव्या वेचाव्या लागतील. आता तीच पिशवी १२० मायक्रॉन जाडीची असेल तर तिचे वजन सुमारे २६.५ ग्रॅम भरेल आणि एका किलोला ३८ पिशव्या पुरतील.

भाव किलोवर मिळतो, कंबर मात्र प्रत्येक पिशवीसाठी वाकवावी लागते. एका किलोच्या पैशांसाठी २२६ वेळा वाकायचे की ३८ वेळा? कचरा वेचणाऱ्या बाईला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. ती पातळ पिशवी तेथेच सोडून पुढे जाते आणि मग ती पिशवी काजळीच्या वाटेने भाट्याला येते.

केंद्र शासनाच्या नियमांत पिशवीची जाडी का ठरविलेली असते, हेही आता कळेल. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना देशभर मनाई झाली. महाराष्ट्राने त्याआधीच, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली होती. त्याच अधिसूचनेत दुधाची पिशवी परत केल्यास ५० पैसे देण्याची तरतूद होती. सोड्याची बाटली परत केली की अनामत मिळते, तोच हा न्याय. वस्तूला परतीची किंमत दिली, की ती रस्त्यावर पडत नाही.

वेचणाऱ्या हातांची किंमतही यात मोजली पाहिजे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. उकिरड्यावर वेचण्याऐवजी दारातूनच ओला व सुका कचरा वेगळा घ्यायचा, त्या सेवेचे शुल्क घ्यायचे आणि सुका माल निवडून विकायचा, अशी ही पद्धत आहे. येथे दोन गोष्टी एकदम साधतात. माल स्वच्छ मिळतो म्हणून भाव बरा येतो, आणि वेचणाऱ्याच्या कामाला मान मिळतो.

हवा वाहून नेण्याचा खर्च

समजा, भाट्यासारख्या एखाद्या गावाने पाण्याच्या बाटल्या वेगळ्या साठविल्या. त्या घाटावरच्या कारखान्याकडे न्यायच्या आहेत. रत्नागिरी ते कोल्हापूर हे अंतर आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर आहे. ट्रकच्या हौद्याचे आकारमान २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर धरू. एक लिटरची बाटली मधल्या पोकळीसह दीड लिटरहून थोडी अधिक जागा अडवते. तेव्हा ट्रकमध्ये सुमारे १२,५०० बाटल्या बसतील. एका बाटलीचे वजन २० ग्रॅम धरले तर एकूण माल भरला फक्त २५० किलो!

या २५० किलो पेटचे खरे आकारमान किती? २५० ÷ १.३८, म्हणजे सुमारे १८१ लिटर. २०,००० लिटरच्या हौद्यात १८१ लिटर माल. शंभरात एक भागही प्लॅस्टिक नाही, बाकी ९९ भाग हवा. भाडे ८,००० रुपये धरले तर किलोमागे ३२ रुपये केवळ वाहतुकीलाच गेले.

आता त्याच बाटल्या दाबयंत्रात चेपून त्यांचे गठ्ठे बांधले आणि एका घनमीटरमध्ये २०० किलो माल बसला, तर त्याच ट्रकमधून ४,००० किलो जाईल आणि वाहतूक किलोमागे २ रुपयांवर येईल. एका दाबयंत्रामुळे तोट्याचा धंदा नफ्याचा होऊ शकतो. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या गावातील भंगारवाल्यास खरे भाव व खरे भाडे विचारून गणित पुन्हा मांडा. एका गावाचा माल थोडा पडतो. म्हणून काजळीकाठच्या दहा गावांनी मिळून एक दाबयंत्र घेणे हा व्यवहाराचा मार्ग ठरेल.

बाटलीचा पुढचा प्रवास

कारखान्यात बाटल्या निवडतात, दळतात, धुतात आणि हौदात वेगळ्या करतात. नंतर हा चुरा चांगला वाळवतात. हे वाळवणे महत्त्वाचे आहे, कारण ओला पेट तापविला तर पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्या तोडतात आणि तो दुबळा होतो. वाळलेला चुरा वितळवून चाळणीसारख्या बारीक छिद्रांतून दाबला, की त्याचे तंतू निघतात. त्यांपासून उशांचे भरण, सतरंज्या व कापड होते. पिशव्या, डबे व बुचे यांचे दाणे करून त्यांच्या बादल्या, नळ्या, दोर अशा वस्तू घडवितात. खनिज तेलापासून नवे प्लॅस्टिक बनविण्यापेक्षा यात ऊर्जा पुष्कळच कमी लागते.

मात्र भुलून जाऊ नका. प्रत्येक वेळी वितळविताना साखळ्या थोड्या तुटतात, रंग मळतो आणि माल एक पायरी खाली उतरतो. १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले व त्यातील सुमारे ६३० कोटी टन कचरा झाला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या कचऱ्यापैकी पुन्हा वापरात आले केवळ ९ टक्के. म्हणून कमी वापरणे ही पहिली पायरी, तीच वस्तू पुन्हा वापरणे ही दुसरी आणि पुनर्चक्रीकरण ही तिसरी.

ज्याला गिऱ्हाईक नाही त्याचे काय?

खाऊच्या चकचकीत वेष्टनात दोन-तीन निरनिराळ्या प्लॅस्टिकचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा एकमेकांना चिकटलेला असतो. हा न सोलता येणारा नारळ! म्हणून त्याला भाव नाही, आणि म्हणूनच तो पुळणीवर आहे.

यावर दोन वाटा आहेत. पहिली तंत्राची. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी पातळ प्लॅस्टिकचा चुरा रस्त्यासाठी वापरण्याची पद्धत शोधली. सुमारे १६०° ते १७०° से. तापविलेल्या खडीवर हा चुरा टाकला, की तो वितळून खडीवर पातळ लेप बसतो. त्यावर डांबर घट्ट धरते आणि खडीत पाणी कमी मुरते. या कामाबद्दल त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. या पद्धतीत पी.व्ही.सी. चालत नाही, आणि एकदा रस्त्यात गेलेले प्लॅस्टिक परत मिळत नाही. म्हणून ज्याचा दुसरा उपयोग नाही तेच प्लॅस्टिक रस्त्याला द्यावे, बाटल्या नव्हे.

दुसरी वाट कायद्याची. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी शहरांबरोबर ग्रामपंचायतींवरही टाकली, आणि वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांनी ते वेष्टन परत गोळा करण्याची व्यवस्था करावी असे ठरविले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना निघाल्या. ज्याला बाजारात किंमत नाही त्याची किंमत ते बनविणाऱ्याने मोजावी, असा याचा अर्थ आहे.

कच्चा माल कोठे आहे?

शेवटी पुन्हा पुळणीवर येऊ. तेथे वेचलेले प्लॅस्टिक कारखान्याला विकता येईल का? बहुतेक नाही. उन्हातील अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तुटलेल्या असतात, ते हातात चुरगळते, त्यात वाळू आणि मीठ असते. पुढे त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण होतात आणि ते मासे व शिंपल्यांच्या पोटात जातात. किनाऱ्याची सफाई करावीच. पण तेथे पोचेपर्यंत कच्च्या मालाचा कचरा होऊन गेलेला असतो. तोच माल आदल्या दिवशी चांदेराईच्या किंवा साखरप्याच्या एखाद्या स्वयंपाकघरात स्वच्छ, कोरडा आणि विकण्याजोगा होता.

तेव्हा काम घरापासून सुरू करा. दुधाची पिशवी कापताना कोपरा वेगळा तोडू नका. तो छोटा तुकडा कोणी वेचत नाही. पिशवी विसळून वाळवा. बाटली चेपून तिचे बूच लावून ठेवा. बाटल्या, कडक डबे, पिशव्या आणि वेष्टने यांसाठी चार गोण्या करा. आणि आणखी एक. परसातला पातेरा पेटविताना किंवा न्हाणीच्या चुलीत विस्तव लावताना प्लॅस्टिक टाकण्याची सवय पुष्कळ घरांत असते. ती मोडा. त्या धुरात विषारी वायू असतात आणि तो धूर प्रथम आपल्याच घरात शिरतो.

स्वाध्याय

१. भरतीच्या रेघेवर दहा मीटर लांबीचा पट्टा आखा. हातमोजे घालून त्यातील प्लॅस्टिक गोळा करा आणि तरंगणारे व बुडणारे, भाव असलेले व भाव नसलेले अशा चार गटांत मोजा. तुमच्या गावाला समुद्र नसेल तर नदीचा किंवा ओढ्याचा काठ घ्या.

२. नायलॉनचे जाळे गोड्या पाण्यात, समुद्राच्या पाण्यात व मिठाच्या संपृक्त द्रावणात टाकले तर काय होईल? वरील यादीतील घनता पाहून सांगा आणि शक्य असल्यास तुकडा टाकून पडताळा.

३. तुमच्या वर्गातील सर्व घरांत एका आठवड्यात दुधाच्या किती पिशव्या येतात? त्यांचे वजन करा. वर्षभरात किती किलो माल होईल आणि भंगाराच्या आजच्या भावाने त्याचे किती रुपये येतील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढल्यावर ते आपल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला लिहून कळवा. दाबयंत्र कधी घेणार, हेही त्याच पत्रात विचारा.